दातांनी ऐकणारे मिस्त्री

सांगलीच्या आमच्या वर्कशॉपात एक जुनं मिलिंग मशीन होतं. नव्वद-ब्याण्णवच्या सुमाराला त्याच्या गिअरहेडनं आवाज काढला, की आष्ट्याहून मिस्त्री यायचे. आल्या आल्या डॉक्टरसारखं विचारायचे, "कवापासनं रडतंय?"

पलटणीतल्या नोकरीत त्यांचे कान अधू झाले होते. त्यामुळे लाकडी मुठीच्या लांब डिसमिसचं टोक ते चालत्या गिअरहेडवर टेकवत, मूठ दातांत धरत आणि डोळे मिटत. "कान फसवत्यात मालक, दात न्हाई." मग कपाळावरची एखादी सुरकुती हलायची आणि बिघाड सापडायचा.

शेवटच्या वेळी आले तेव्हा त्यांनी नवी कवळी बसवली होती. नेहमीसारखी मूठ दातांत धरून त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ गेला, पण सुरकुती काही हलेना. कवळी तेवढी खडखडत होती. शेवटी त्यांनी मूठ शर्टाला पुसली आणि डिसमिस माझ्या हातात दिला.

"तुमी धरा."

मी दातांत धरताच सगळा जबडा थरथरला. ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते.

"घरघर का खरखर?"

"खरखर. मधूनमधून," मी मोठ्यानं म्हणालो.

"मग खालचं बेअरिंग गेलंय."

उघडलं तर तेच निघालं. चहा पिऊन ते उठले. मी डिसमिस त्यांच्या पिशवीत घालायला गेलो, तर त्यांनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या हितंच. आता आमी नुसतं च्या प्यायला येनार."