घरमालकाचा भाचा

धारवाडात घर शोधायला लागल्यावर मला कळलं की इथल्या प्रत्येक घरमालकाला एक भाचा असतो, आणि तो नेमका आपण घर बघितल्यावरच राहायला येणार असतो.

आम्हाला तळमजल्यावरचं घर हवं होतं. हुबळीत आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो. लिफ्ट नव्हती आणि आईचे गुडघे पार गेले होते. पावसाळ्यापासून ती खाली उतरलीच नव्हती. गॅलरीतून भाजीवाल्याशी भांडायची, तेवढाच तिचा बाहेरच्या जगाशी संबंध. मला ते बघवत नव्हतं.

सप्तापुरात एक घर आवडलं. तळमजला, पुढे बसायला कट्टा, फाटकावर 'टू लेट'ची पाटी. मालक रिटायर्ड, बोलायला गोड. "बर्री अक्का, कुंद्री," म्हणून त्यांनी मला खुर्ची दिली आणि चौकशी सुरू केली. जात विचारायची नाही हे पथ्य ते कसोशीनं पाळत होते. आधी आडनाव विचारलं. त्यावरून उलगडा होईना, तेव्हा गाव विचारलं. मग जरा पुढे सरकून म्हणाले, "मनेदेवरु यारु? म्हणजे कुलदैवत कुठलं हो तुमचं?"

"आमच्या घरात बुद्धाची मूर्ती आहे," मी म्हटलं.

"छान, छान. शांत मूर्ती," ते म्हणाले, आणि लगेच त्यांना भाचा आठवला. बागलकोटहून येणार होता बिचारा. हा माझा तिसरा भाचा. नवनगरातला तर इतक्या घाईत आठवला होता की मालकांना त्याचं नावही सांगता आलं नाही.

हुबळीत कोप्पीकर रोडवर माझी एक मैत्रीण वकिली करते. तिच्या ऑफिसात जाऊन मी भरपूर आदळआपट केली. ती म्हणाली, "अस्पृश्यता पाळून कुणाला राहायची जागा नाकारणं हा गुन्हाच आहे. पण हा माणूस जातीचं नावच काढत नाही. भाच्यावर कसा खटला भरू?" मग तिनंच सप्तापुरातल्या त्या मालकांना फोन लावला. तिचं आडनाव असं आहे की ते ऐकल्यावर कुणी कुलदैवत विचारत नाही.

"रिकामंच आहे की! आजच या बघायला," मालक म्हणाले.

मैत्रीण खूश झाली. हा पुरावा आहे, नोटीस काढू, म्हणाली. मी घरी येऊन आईला सगळं सांगितलं. वाटलं, चिडेल, रडेल. तर ती म्हणाली, "नोटीस काढा सावकाश. आधी त्या भाच्याला तर बघून येऊ. पोरगा परगावाहून येणार, रिकाम्या हातानं जायला नको. पेढे घे."

रविवारी आई तीन मजले उतरली. प्रत्येक वळणावर बसत, जिना बांधणाऱ्याचा उद्धार करत. टॅक्सीनं सप्तापूर गाठलं, तेव्हा फाटकावरची पाटी अजून तशीच होती.

"भाचा आला का हो?" आईनं विचारलं. "पेढे आणलेत त्याला."

मालकांनी पेढ्यांच्या बॉक्सकडे पाहिलं. "तो... जरा बाहेर गेलाय."

"येईल की. आम्ही थांबतो," म्हणत आई कट्ट्यावर ऐसपैस बसली.

थोड्या वेळानं एक जोडपं पाटी वाचून थांबलं. मालक पुढे होणार, तोच आईनं कन्नडमध्ये आवाज दिला, "जागा गेली हो! यांचा भाचा येतोय. घ्या, पेढा घ्या." जोडपं पेढा खाऊन गेलं. मग बँकेतले एक साहेब आले. त्यांनाही पेढा. मागून दोन प्राध्यापक आले, तोवर आई रंगात आली होती. "भाचा म्हणजे हिरा आहे हिरा! उगीच का मामा एवढ्या लोकांना परत पाठवतोय?" मालकांची फार पंचाईत झाली. जागा रिकामी म्हणावी तर भाचा खोटा पडतो, नाही म्हणावी तर भाडेकरू जातो. मी ओढणीत तोंड खुपसून हसत होते.

पेढे संपत आले तसे मालक आमच्याजवळ येऊन टेकले. "अव्वा, भाचा येत नाही म्हणतोय."

"अरेरे! बरंबिरं नाही का त्याला?"

"बरा आहे. तुम्हीच या राहायला."

मग चहा आला. मालकांना स्टीलच्या पेल्यात, आम्हाला कागदी कपात. माझं हसू गेलं आणि डोक्यात तिडीक उठली. "चल आई," मी उभी राहिले. "नको आपल्याला हे घर."

आईनं हात धरून मला खाली बसवलं. "तुझा राग तीन मजले चढेल," ती हळूच म्हणाली. "माझे गुडघे नाही चढणार." आणि तिनं तो चहा प्यायला.

आता आम्ही त्याच घरात राहतो. आई रोज संध्याकाळी कट्ट्यावर बसते आणि भाजीवाल्याशी समोरासमोर भांडते. महिन्याच्या सुरुवातीला मालक भाडं न्यायला येतात, तेव्हा ती त्यांना चहा देते. आमच्या सगळ्यात चांगल्या कपात, बशीसकट, आणि तो संपेपर्यंत समोरून हलत नाही. पहिल्या खेपेला त्यांनी बराच वेळ कपावरची फुलं न्याहाळली होती. मग प्यायले. मला त्यांचा अजूनही राग येतो, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

आई रिकामा कप उचलताना दर वेळी विचारते, "भाचा कसा आहे?"

"बरा आहे, अव्वा," ते खाली बघत सांगतात.