न्हाणीघरातले दोन पोपट

लग्न होऊन मी पुण्याहून बंगळूरला आले तेव्हा साठचं दशक नुकतं लागलं होतं. चामराजपेटेतलं सासरचं घर चांगलं होतं, नवरा भला होता आणि सासूबाई, ज्यांना सगळे अक्का म्हणत, मला कधी टोचून बोलल्या नाहीत. टोचून काय, त्या माझ्याशी बोलतच नसत. "जेव की", "सरी", "स्वल्प थांब" एवढ्यावर आमचा संसार चालला होता. सरी म्हणजे बरं, ठीक. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "तिला तुझ्यासमोर मराठी बोलायची लाज वाटते. आमचं मराठी पिढ्यान्‌पिढ्या इकडं मुरलेलं, त्यात निम्मं कन्नड. तू पुण्याची. हसशील असं वाटतं तिला."

मला रागच आला. मी काय व्याकरणाची परीक्षा घ्यायला आले होते? घरात दोन बायका, आणि दिवसभर ऐकू काय यायचं, तर भिंतीवरचं घड्याळ. अक्कांना बोलतं करायचंच असं मी ठरवलं आणि त्यासाठी न्हाणीघरावर माझी नजर गेली.

ते न्हाणीघर म्हणजे नुसता काळोख होता. कोपऱ्यात चुलीवर बसवलेला तांब्याचा भलामोठा हंडा, लाकडांचा रोजचा धूर, आणि उजेडाला छपरातलं एक काचेचं कौल, तेही काजळलेलं. आंघोळ करून बाहेर आलं तरी स्वच्छ वाटायचं नाही. पण दिवाळीत या खोलीचा मान मोठा. नरक चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी इकडं पाणी भरायचा सण असतो. न्हाणी धुऊन, रांगोळी काढून, हंड्याला झेंडूची माळ घालून पूजा करतात आणि अभ्यंगाचं पाणी भरतात. अक्कांचा हा सगळ्यात लाडका सण. त्या वर्षी आदल्या दिवशी त्या लेकीकडं मुक्कामाला गेल्या आणि मी पदर खोचला.

नवऱ्यानं रंगारी ठरवला आणि कचेरीत जाताना मला शब्द पढवला. "बिळी म्हण. बिळी म्हणजे पांढरा. चुन्याचे दोन हात द्यायला सांग." मी चकल्या पाडता पाडता शब्द घोकत होते. रंगारी आला तेव्हा पहिला घाणा कढईत होता. त्यानं काहीतरी विचारलं. मी ठसक्यात सांगितलं, "गिळी."

तो थबकला. "गिळीना, अम्मा?"

"हौदु, गिळी."

"एष्टु?"

किती, हे मंडईमुळं मला समजत होतं. चुन्याचे हात दोन. "एरडु," मी म्हणाले, आणि आपल्याला कन्नड आलं म्हणून खूश होऊन चकल्यांकडं वळले.

संध्याकाळी बघते तर भिंती पांढऱ्याशुभ्र. चुना त्यानं न सांगताच दिला होता. आणि हंड्याच्या वर, एकमेकांकडं तोंड करून बसलेले, कोंबड्याएवढे दोन हिरवेगार पोपट. हा माणूस एरवी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. चोची तर फारच सुरेख काढल्या होत्या. नवऱ्यानं सांगितलं, गिळी म्हणजे पोपट, आणि हसू आवरेना म्हणून बाहेर जाऊन बसला. पुसायला गेले तर तेलरंग. मला रडूच कोसळलं. जिला बोलतं करायचं तिच्या पूजेच्या हंड्यावर मी दुकानाची पाटी करून ठेवली होती. आता ती उरलेली "सरी"सुद्धा बंद होणार.

पण सण थांबणार नव्हता. दुसऱ्या दिवशी मी काचेचं कौल घासून घेतलं, हंडा चिंचेनं लखलखीत केला, जुन्या साडीचे जरीकाठ दाराला लावले, गेरू सारवून रांगोळी काढली. उजेड आल्यावर पोपट जास्तच हिरवे दिसायला लागले.

अक्का दिवेलागणीला आल्या. हातात निरांजन घेऊन न्हाणीच्या दारात उभ्या राहिल्या आणि वर बघतच राहिल्या.

"हे काय गे?"

"अक्का, मी पांढरा सांगत होते."

"काय म्हणून सांगितलीस?"

"गिळी."

अक्कांनी निरांजन खाली ठेवलं, पाटावर बसल्या आणि तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. "बिळी गे ती," त्या म्हणाल्या. "माझं मराठी चुकंल म्हणून मी मेली एवढे दिवस गप्प बसली. आणि हिचं कन्नड बघा की."

मग उठून त्यांनी हंड्याला हळदकुंकू लावलं, आणि त्याच बोटानं दोन्ही पोपटांनाही. पहाटे माझ्या डोक्याला तेल चोळता चोळता त्या बोलत होत्या, आईच्या न्हाणीबद्दल, लहानपणीच्या दिवाळीबद्दल, अर्धं मराठीत, अर्धं कन्नडात. बादलीतलं पाणी निवून गेलं तरी त्यांचं संपेना, आणि मला उठवेना.

धुरानं ते पोपट वर्षभरात काळे पडले. पुढच्या दिवाळीला तोच रंगारी आला. मी स्वयंपाकघरातून बाहेर यायच्या आत अक्का दारात पोचल्या होत्या.

"बिळी," त्यांनी त्याला बजावलं. मग मागं वळून माझ्याकडं बघितलं आणि त्याला दोन बोटं दाखवली. "गिळी, एरडु."