रिकामा वार

पीएचडीचं तिसरं वर्ष संपवून मी युरोपातून बनारसला घरी आलो होतो. शेजारच्या काकूंनी माझ्या पगाराचे रुपये केले आणि म्हणाल्या, "अरे, लाखों में कमाता है!" माझं डोकंच फिरलं.

"अर्धा पगार खोलीच्या भाड्यात जातो, काकू. सोमवार ते शुक्रवार कुठल्या ना कुठल्या विभागात व्याख्यान असतं. नंतरच्या फुकट खाण्यासाठी मी सगळ्यांना जाऊन बसतो."

काकू हसल्या. बाबा हसले नाहीत. ब्रह्मा घाटावर वेद शिकताना ते वार लावून जेवत, रोज वेगळ्या घरी.

"आणि शनिवार-रविवार?" त्यांनी विचारलं.

"विद्यापीठ बंद असतं."

 बाबा म्हणाले, "माझा गुरुवार कधीच लागला नाही."