भिंतीतला हात

सर कुणाच्याही घरी गेले, की चपला काढायच्या आधी भिंत वाजवायचे. बोटं वाकवून टक्‌ टक्‌ करायचे, मग भिंतीला कान लावायचे आणि म्हणायचे, "आधी हिला विचारू." यजमान हात जोडून दारात उभा आणि पाहुणा भिंतीशी बोलतोय. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. आमच्या जळोची गावात हे सर होते.

ते बारामतीत एका शाळेवर चित्रकला शिकवायचे. मूळचे कळसचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं, पण यांच्या हातात काठीऐवजी खडू आला. सुट्टीत ते मातीत उठावाची शिल्पं करायचे आणि ती सिमेंटमध्ये ओतायचे. बैलाचं तोंड, जात्यावर बसलेली बाई, असं काहीबाही. ओळखीत कुणाची वास्तुशांती असली की एक शिल्प भेट. नुसतं देऊन थांबले असते तर ठीक होतं, पण भिंतीवर लावायचेही स्वतःच. त्याचं सामान न्यायला माझ्या हार्डवेअरच्या दुकानात यायचे आणि एकेक स्क्रू उजेडाला धरून बघत बसायचे.

"सर, स्क्रू निवडताय की जावई?" मी वैतागून विचारायचे.

"जावयाचं चुकलं तर बोलणी तरी करता येतात, वहिनी. हे थेट डोक्यात पडतं."

एकदा कळंबला एका बागायतदाराकडे आम्ही सगळे जेवायला गेलो. सर गावाला जायचे होते म्हणून त्यांनी नुसती पाठवून दिलेली भेट यजमानांनी आपल्या हातानं लावली होती. एक खिळा, त्याला सुतळी, सुतळीला सरांचा सिमेंटचा बैल, आणि खाली पोरं जेवायला बसलेली. सरांनी केला होता बैल, पण घरच्यांनी त्याचा नंदी करून टाकला होता. रोज पाणी, गंध, हार. सुतळी भिजून काळी पडली होती. सरांनी हातातला घास ताटात ठेवला.

"हे असं कुणी लावलं?"

"म्या लावलं," यजमान कौतुकानं म्हणाले. "देव हाय त्यो, सर. त्यो कशाला पडंल?"

सर उठले, हात धुतले, पोरांना बाजूला बसवलं, बैल उतरवून कोपऱ्यात जमिनीवर टेकवला आणि मग पानावर येऊन म्हणाले, "हं, आता वाढा." यजमानांचं तोंड एवढंसं झालं होतं. मला हसू आवरेना.

सरांचे नियम दोनच होते. वजन खालून उचलायचं, वरून नुसतं धरायचं. म्हणून शिल्पाच्या खाली लोखंडी अँगल आणि वर स्क्रू. आणि झोपायच्या जागेवर काही लावायचं नाही. लावून झालं की त्याला वाळूचं पोतं टांगून ठेवायचे आणि भिंतीकडे बघत चहा प्यायचे.

हा झोपायच्या जागेचा नियम त्यांना मोडायला लावला तो त्यांच्या आईनं. म्हातारीचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं कोकणात जाण्यायेण्यात गेलेलं. आता डोळ्यांनी दिसत नव्हतं आणि लेकानं जळोचीला घर बांधून चार भिंतींत आणून ठेवलेलं. सरांनी आपल्या वारलेल्या वडिलांचं शिल्प केलं. खांद्यावर घोंगडं, एका हातात काठी, दुसरा हात मेंढीला दाणे द्यायला पुढं पसरलेला, चांगला भिंतीबाहेर आलेला. त्यांना ते बैठकीत लावायचं होतं. आई म्हणाली, "बैठकीत न्हाय. माझ्या बाजंपाशी लाव. मला डोळं न्हाईत, हातानंच बघायचंय मला त्यास्नी."

दोघांची बरीच हुज्जत झाली. शेवटी डोक्यावर नाही, पण बाजेच्या कडेला, आईचा हात पोचेल असं लावायचं ठरलं. पोत्याची परीक्षा झाली. सर निर्धास्त झाले.

महिनाभरात ते दुकानात आले ते रागानंच. "वहिनी, तुमच्या स्क्रूनं दगा दिला. वरनं शिल्प सुटायला लागलंय. रोज बाजेवर गिलावा पडतोय."

माझ्या मालाला कुणी नावं ठेवली की माझं डोकं फिरतं. म्हटलं चला, दाखवा. दुकान नवऱ्यावर सोपवून मी त्यांच्याबरोबर गेले. दुपारची वेळ, म्हातारी झोपलेली. आम्ही दोघं बाजेच्या पायथ्याशी उभे राहून हळू आवाजात भांडत होतो, तेवढ्यात तिला जाग आली. आम्ही आहोत हे तिला कळलं नव्हतं. तिनं कुशीवर वळून हात पुढं केला, चाचपत भिंतीतला तो पसरलेला हात शोधला, घट्ट धरला आणि त्याला ओढून उठून बसली. वरून थोडा गिलावा पडला. "उठले, उठले," ती हसून त्याला म्हणाली.

सरांनी पोतं टांगून पाहिलं होतं ते खाली ओढणारं. असं पुढं कुणी ओढील, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. ते आईपाशी बसले.

"आई, दोन-चार दिवस त्याला हात लावू नको. ते पडंल."

"मग मी उठू कुणाला धरून?" ती म्हणाली. "कोकणात जाताना रोज पहाटं त्येच मला हात देऊन उठवायचं. सुनंनं कशापायी उठवायचं? मी काय आजारी हाय?"

एखाद्यानं आईला समजावलं असतं, शिल्प बैठकीत हलवलं असतं. सर माझ्याबरोबर दुकानात परत आले आणि भिंतीच्या आरपार जातील एवढे लांब बोल्ट मागितले. शिल्प उतरवून त्याच्या पाठीत बोल्ट बसवले, भिंतीच्या बाहेरच्या अंगाला लोखंडी पट्ट्या टाकल्या, वायसर, नट, सगळं आवळलं. नव्या रंगवलेल्या घराच्या बाहेरच्या भिंतीवर नट दिसायला लागले. येणारेजाणारे विचारायचे, सर, घर सुटतंय का काय? ते नुसते हसायचे. पोतं त्यांनी या वेळी टांगलं नाही. दोन्ही हातांनी बापाचा हात धरला आणि सगळा भार टाकून मागं रेलले. मी पाहत होते. शिल्प हललं नाही. सरांनी मात्र तो हात लगेच सोडला नाही. मी चहाचं बघायला आत गेले.

त्यानंतर दीडेक वर्षानं, सर शाळेत फळ्यासमोर एकदम खाली बसले ते उठलेच नाहीत. वय काही जाण्याचं नव्हतं.

मी भेटायला गेले. दारात चपला काढताना उगाच वाटलं, आता भिंत वाजवणार कोण. म्हातारी बाजेवर पडून होती. सून म्हणाली, कुणाशी बोलत नाहीत. मी जवळ बसले. मग तिनं विचारलं, "दुकानवाली व्हय गं?" मी हो म्हटलं. "बस. तुझ्या हातात च्या देते. तो असता तर दिला असता." ती उठायला लागली, तसा मी घाईनं हात पुढं केला. पण तिनं भिंतीतला हात केव्हाच धरला होता, आणि ती उठून बसलीसुद्धा होती.