अठ्ठेचाळीस आकडे

सासूबाई बंदरावर पडल्या तेव्हा मी अलिबागला संगणकाच्या क्लासमध्ये शिकवत होते. फोन आला तशी समोरच्या मुलींना 'फाइल सेव्ह करा' एवढंच सांगून मी निघाले. त्यानंतर त्या क्लासमध्ये मी एकदाच गेले, माझा डबा आणि छत्री आणायला.

होडीतून मासळीची पाटी उतरवून घेताना त्यांचा पाय शेवाळावरून घसरला होता. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत रॉड बसला. डॉक्टरांनी सांगितलं, तीन महिने अंथरूण, मग वॉकर, मग बघू. नवरा मालवाहू जहाजावर नोकरीला. त्याचं जहाज सुटून महिनाच झाला होता आणि करार संपेपर्यंत त्याला उतरता येणार नव्हतं. सासरे आमच्या लग्नाआधीच गेलेले. तेव्हा रेवदंड्याच्या त्या घरात, खाली दोन खोल्या आणि वर पत्र्याचा माळा, आम्ही दोघी उरलो.

मला कुणी कोंडून ठेवलं नव्हतं. हे मुद्दाम लिहिते, कारण त्या दिवसांबद्दल बोलताना माझ्या आवाजात तक्रार येते आणि ऐकणाऱ्याला वाटतं सासूबाई जाचक असतील. तशा त्या नव्हत्या. पण त्यांना बेडपॅन लागायचं आणि ते कधी लागेल हे त्यांनाही ठाऊक नसायचं. शेजारीण मायाळू होती, पण तिचा दिवस बोंबील वाळत घालण्यात आणि काढण्यात जायचा. त्यामुळे मी दुकानात साबण घ्यायला गेले तरी सुटे पैसे परत यायची वाट पाहताना पाय चुळबुळत. अलिबागला जाणाऱ्या सहा आसनी रिक्षा आमच्या दारावरून जातात. ड्रायव्हर ओरडत जायचे, "अलिबाग, अलिबाग," आणि मी आत उगाच भांड्यांचा आवाज करायचे.

दीड महिना असा गेल्यावर क्लासमधल्या माझ्या जुन्या सहकारी बाईंचा फोन आला. पुण्याच्या एका ऑफिसला घरून काम करणारी माणसं हवी होती. लोकांचे सर्व्हर नीट चालताहेत का यावर लक्ष ठेवायचं, काही बंद पडलं तर कळवायचं. आधी परीक्षा, तीही घरूनच.

"पण विंडोजवर चालणार नाही," त्या म्हणाल्या. "मशिनवर लिनक्स लागेल. तुला येतं ना?"

"येतं," मी म्हणाले. येत होतं. मशिन मात्र माझं नव्हतं.

घरात एकच लॅपटॉप होता, नवऱ्याचा. त्यात त्याच्या सगळ्या सर्टिफिकेटांच्या प्रती, सासऱ्यांचे फोटो आणि बढतीच्या परीक्षेचा सराव करायचा एक प्रोग्राम होता. त्या प्रोग्रामचं लायसन्स त्याच मशिनला, त्यातल्या त्याच विंडोजला बांधलेलं होतं. दोन सुट्ट्या त्याने त्यावर घासल्या होत्या. मला विंडोज काढायचं नव्हतंच. डिस्कचे दोन भाग करायचे, एकात त्याचं विंडोज आहे तसं राहू द्यायचं, दुसऱ्यात लिनक्स टाकायचं, आणि चालू करताना हवं ते निवडायचं. क्लासमध्ये मी हे चार-पाच वेळा केलं होतं. फक्त तिथल्या मशिनवर मुलांनी काढलेल्या घर-झाड-सूर्याच्या चित्रांपलीकडे काही नसायचं.

जहाज किनाऱ्याजवळ असलं की त्याचा फोन लागायचा. त्या आठवड्यात लागला. नेटवर्क माळ्याच्या जिन्यात चांगलं मिळायचं म्हणून मी तिथे बसले. सासूबाईंसमोर मी त्याला अहो-जाहो करायचे, जिन्यात मात्र अरे-तुरे.

"तुझ्या लॅपटॉपवर मी लिनक्स टाकू का? तुझं काही जाणार नाही, वेगळा भाग करते."

"अगं, त्यात माझे सगळे..." इथे आवाज तुटला. "...बघ म्हणजे..." आणि फोन गेला.

पुन्हा लागला नाही. मी जिन्यात बसून ते 'बघ म्हणजे' मनात चार वेळा फिरवून पाहिलं. पाचव्यांदा त्याचा अर्थ होकार असा लागला. तो तसा नव्हता हे मला तेव्हाही कळत होतं.

पुढच्या दोन दिवसांत मी सगळं पद्धतशीर केलं. शेजारणीचा नवरा अलिबागला चालला होता, त्याच्याकडून एक हार्ड डिस्क मागवली आणि लॅपटॉपमधलं सगळं त्यात उतरवायला घेतलं. निम्म्यात वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी जुनी, वीस मिनिटांत तो बंद पडला. वीज आल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. सासूबाई पलंगावरून बघत होत्या.

"काय करतेस गो?"

"यांच्या फोटोंची, कागदांची आणखी एक प्रत काढते, आई. मशिन बिघडलं तर असावी म्हणून."

"बिघडलंय?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. असू दे एक."

कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फाइलींची संख्या ताडून पाहिली. सासऱ्यांचे फोटो एकेक उघडून पाहिले. होडीच्या नाळेवर, पुढच्या निमुळत्या टोकाशी बसलेला, डोळे बारीक केलेला तो माणूस मी पहिल्यांदाच नीट पाहिला. मग डिस्कवरचा विंडोजचा भाग लहान करायला घेतला. विंडोज आधी अगदी चिमूटभर जागा सोडायला तयार झालं, कारण मधोमध त्याच्या काही फाइली ठाण मांडून बसल्या होत्या. त्या तात्पुरत्या बंद केल्या, मशिन पुन्हा चालू केलं आणि हवी तेवढी जागा मोकळी झाली. पेन ड्राइव्हवर लिनक्स तयारच होतं. मशिन त्या पेन ड्राइव्हवरून सुरू होईना, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन एक सुरक्षेचं बटण बंद केलं. क्लासमध्ये नेहमी करायचे तसंच.

मंगळवारी दुपारी लिनक्स बसलं. पाऊण तास लागला. त्यात मी दोनदा उठले, एकदा बेडपॅनसाठी, एकदा पेजेसाठी. तिसऱ्यांदा येऊन बसले तर पडद्यावर नवी, स्वच्छ खिडकी होती. मी हसले असणार, कारण सासूबाईंनी विचारलं, "काय सापडलं?"

मग मशिन बंद करून पुन्हा चालू केलं. यादी आली, लिनक्स आणि विंडोज. विंडोज निवडलं.

निळा पडदा आला. त्यावर लिहिलं होतं की ही डिस्क कुलूपबंद आहे, उघडायची असेल तर अठ्ठेचाळीस आकडी किल्ली टाका.

हे कुलूप त्या लॅपटॉपला पहिल्यापासून होतं. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीनेच घालून दिलेलं, नवऱ्यालाही त्याची कल्पना नसावी. मशिनमध्ये काही बदल झाला नाही तोवर ते आपलं आपण उघडत राहिलं. मी ते बटण बंद केलं तेव्हा कुलपाला वाटलं, कुणी परकं आलंय. क्लासच्या जुन्या मशिनना असलं काही नव्हतंच, आणि मी तपासलं नव्हतं.

इथे थांबायला हवं होतं. बटण पुन्हा सुरू केलं असतं तर बहुधा सगळं मार्गी लागलं असतं, हे मला नंतर वाचून कळलं. त्या वेळी मी तडक पुन्हा सेटिंगमध्ये शिरले, सुरक्षा चिपच्या नावापुढे 'क्लियर' असा पर्याय दिसला, आणि चिप साफ झाली की कुलूप जाईल अशा समजुतीने मी 'हो' दाबलं. कुलूप तसंच राहिलं. किल्ली तेवढी पुसली गेली. आता ती एकाच ठिकाणी होती, नवऱ्याच्या ऑनलाइन खात्यात. त्या खात्याचा पासवर्ड फक्त त्याला माहीत, आणि तो भर समुद्रात.

पुढचं बंदर यायला दहा दिवस होते.

शुक्रवारी परीक्षा दिली. लिनक्स छान चालत होतं. चौथ्या प्रश्नाला सासूबाईंनी हाक मारली, मी उठून गेले, हात धुऊन परत आले आणि उरलेले प्रश्न सोडवले. पेपर बरा गेला असावा, पण आनंद झाला नाही. लॅपटॉप मिटला की मला आतला तो निळा पडदा दिसायचा. मी लॅपटॉप उशांच्या मागे ठेवायला लागले.

एक वाट होती. विंडोज पुसून पुन्हा टाकायचं, हार्ड डिस्कवरून सगळं परत भरायचं. त्याला कदाचित लगेच कळलंही नसतं, पण तो सरावाचा प्रोग्राम परत आला नसता. त्यातली त्याची दोन सुट्ट्यांची मेहनतही नाही. एकदा मी पेन ड्राइव्ह लावून 'पुसा' या बटणापर्यंत गेलेसुद्धा. सासूबाई झोपल्या होत्या. बाहेर सुकटीचा वास पसरला होता. दहा मिनिटं तशीच बसून मी पेन ड्राइव्ह काढला. चांगुलपणा म्हणून नाही. आणखी एक चूक करायची भीती वाटली म्हणून.

सातव्या दिवशी त्यांचे केस विंचरत होते तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "ते मशिन मेलं काय?"

"नाही, आई."

"मग उशांमागं कशाला ठेवतेस? मना इथून दिसतंय सगळं. दुसरं काय बघायला हाय मला?"

मी सांगितलं. कुलूप, किल्ली, चिप, सगळं. त्यांना कितपत समजलं कोण जाणे, पण मधे बोलल्या नाहीत. नोकरीचंही सांगितलं. ते त्यांना पहिल्यांदाच कळत होतं.

"त्याचे कागद गेले?"

"नाहीत. ते सगळे त्या हार्ड डिस्कमध्ये आहेत."

"मग काय गेलं?"

"त्याचा अभ्यास. आणि मी त्याला न विचारता केलं."

"विचारलंस की. जिन्यात. मी ऐकलं."

"त्याने हो म्हटलं नव्हतं."

त्यांनी गळलेला केस बोटाला गुंडाळला. मग म्हणाल्या, "नोकरी लागली तर मला कोण बघंल?"

"मीच. घरूनच आहे काम."

"बरं," त्या म्हणाल्या आणि मान पुढे केली, वेणी घालायला. त्या 'बरं'मध्ये माझी बाजू होती की धास्ती, ते मला आजही सांगता येणार नाही.

अकराव्या दिवशी, संध्याकाळच्या चहाच्या वेळी त्याचा फोन आला. जिन्यात न जाता मी सासूबाईंच्या पलंगाजवळच बसले. आवाज खरखरत होता, पण येत होता. तो आईच्या पायाचं विचारायच्या आत मी सांगून टाकलं.

मागे इंजिनाचा आवाज चालू होता.

"मी हो म्हणालो नव्हतो," तो म्हणाला.

"'नाही'सुद्धा म्हणाला नव्हतास." सासूबाईंसमोर अरे-तुरे केलं हे नंतर लक्षात आलं.

"लाइन गेली होती."

"हो. मला माहीत होतं लाइन गेली होती ते."

"मी उतरल्यावर घेतला असता ना दुसरा लॅपटॉप."

"तू उतरणार सहा महिन्यांनी."

सासूबाईंनी फोनकडे हात केला. मी तो त्यांच्या तोंडाशी धरला.

"ती किल्ली दे तिला आधी," त्या म्हणाल्या. "मग काय बोलायचंय ते बोल."

त्याला खात्यात शिरायला अर्धा तास लागला. मग त्याने पुन्हा फोन केला आणि वाचायला सुरुवात केली. सहा आकड्यांचा एक गट, असे आठ गट. मी लिहून घ्यायचे, परत वाचून दाखवायचे, तो 'हं' म्हणायचा. सासूबाईंना लिहिता-वाचता येत नाही, पण प्रत्येक गटाला त्या एकेक बोट दुमडत होत्या. पाचव्या गटानंतर आवाज गेला.

त्या पाच बोटं दुमडलेली मूठ तशीच धरून बसल्या. मी पेन हातात घेऊन. चहा गार झाला. बेडपॅन हवं का विचारलं तर त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली. पाऊण तासाने फोन वाजला आणि उरलेले तीन गट आले. शेवटच्या गटात मी तीन ऐवजी सहा लिहिला होता, तो परत वाचताना सापडला.

आकडे टाकले. निळा पडदा गेला, विंडोज उघडलं. सरावाचा प्रोग्राम जागच्या जागी होता.

"उघडलं?" तिकडून त्याने विचारलं.

"उघडलं."

"ते दुसरं काढून टाक." मग जरा थांबून, "नको. राहू दे. निकाल काय लागतो बघ." त्याचा राग गेला नव्हता. पुढचे तीन फोन तो फक्त आईशी बोलला.

निकाल लागला, काम मिळालं. दुपारी दोन ते रात्री दहा. नेटवर्कसाठी लॅपटॉप माळ्यावर न्यावा लागला, आणि दर दहा मिनिटांनी पडद्यावरची एक खूण दाबावी लागायची, जागेवर आहे हे कळवायला. तेवढ्यात खाली जाऊन सासूबाईंचं करून वर यायची सवय मी अंगी बाणवली. पुढे नवरा उतरला, त्याने स्वतःसाठी दुसरा लॅपटॉप घेतला आणि हा माझ्याकडेच राहिला. त्या अकरा दिवसांबद्दल आम्ही पुन्हा बोललो नाही. तो परीक्षेलाही बसला. पहिल्या वेळी नापास झाला, दुसऱ्या वेळी पास.

डॉक्टरांचे तीन महिने लांबत वर्षाच्या घरात गेले. सासूबाई वॉकरवर उभ्या राहिल्या तेव्हा तो पुन्हा जहाजावर होता. आधी मोरीपर्यंत, मग ओट्यापर्यंत. मग एका संध्याकाळी होड्या यायच्या वेळेला त्यांनी खालून हाक मारली.

"बंदरापर्यंत जाते गो. येतेस?"

"आई, मी कामावर आहे."

"व्हय, विसरले," त्या म्हणाल्या. "शेजारणीला घेते."

वॉकरचे पाय फरशीवर टेकत गेले, उंबऱ्याशी जरा थांबले, मग रस्त्यावर उतरले. मी माळ्याच्या खिडकीशी गेले. शेजारणीचा हात न धरता, तिला बाजूने चालायला लावून त्या वळणापर्यंत पोचल्या होत्या. मला वाटलं, वळून बघतील. पण पडद्यावर खूण आली होती, मी आत येऊन ती दाबली.