सासऱ्यांच्या व्हायोलिनचा जीव

माझ्या सासऱ्यांच्या व्हायोलिनचा जीव मी एका सकाळी अंघोळीच्या पाण्यासाठी जाळला. पाणी चांगलं कडक तापलं होतं.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी श्रीवर्धनच्या व्हायोलिन मंडळाचा सभासद झालो. सभासद सात, बैठक दर रविवारी, जागा इक्बालभाईंची होड्या बांधायची शेड. इक्बालभाई जन्मभर होड्या बांधत आले आणि व्हायोलिन दुरुस्त करायला आपलं आपण शिकले. बाकीचे आम्ही बघत बसायचो. चार महिने बघून मला वाटायला लागलं की आपल्यालाही हे येतं. (मी भूगोल शिकवायचो. नकाशा बघितला की गाव बघितल्यासारखं वाटायची सवय तिथलीच.)

बायको, सुनंदा, लहानपणी वडिलांकडून व्हायोलिन शिकली होती. ते गेल्यावर वाद्य तिच्याकडे आलं, पण आठ वर्षांत तिनं पेटी उघडली नव्हती. मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात तिनं वाजवावं म्हणून मी ते गुपचूप साफ करायला घेतलं.

आधी चारही तारा काढल्या. आत टक् करून काहीतरी पडलं. हलवलं तर खुळखुळ्यासारखं वाजायला लागलं. बराच वेळ खटपट करून मी चिमट्यानं वरच्या भोकातून ती वस्तू बाहेर काढली. करंगळीपेक्षा थोडी लहान, गोल, बिनरंगी काठी. कुठे चिकटवल्याची खूणसुद्धा नव्हती. कुणा मिस्त्रीचा तुकडा आत राहिला असणार, असं ठरवून मी ती बंबाच्या ढलप्यांत टाकली आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर तापलेल्या पाण्यानं अंघोळ केली.

मग नव्या तारा चढवून रविवारी व्हायोलिन शेडमध्ये नेलं. इक्बालभाईंनी एक तार छेडली. बादलीवर टिचकी मारल्यासारखा आवाज आला. त्यांनी भोकातून आत बॅटरी मारली आणि भराभर तारा सैल करायला लागले.

"सर, आतली काठी कुठं हाय?"

"कुठली काठी?"

"वरची फळी अन् खालची फळी, यांच्या मधी उभी असते ती. चिकटवत नाय, ताणावर उभी ऱ्हाते. तिला आम्ही जीव म्हणतो. अजून दोन दिवस तारा ताणलेल्या ऱ्हायल्या असत्या तर फळी खचली असती."

मी बंबाचं सांगितलं. शेडमध्ये कुणीही हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

घरी येऊन सुनंदाला सगळं खरं सांगितलं. ती भाजी निवडत होती. निवडता निवडताच म्हणाली, "ती काठी बाबांनी स्वतः घासून बसवली होती. मी बॅटरी धरली होती." एवढंच. ओरडली असती तर मला उत्तर तरी देता आलं असतं.

इक्बालभाईंनी देवदाराच्या एका जुन्या तुकड्यातून नवी काठी कातली. पाच वेळा बसवली, पाच वेळा काढली, सहाव्यांदा ठेवली. मेळाव्याला सुनंदा आली, ती वाजवायला नाही, वाद्य परत न्यायला. इक्बालभाईंनी व्हायोलिन तिच्या हातात दिलं. उभ्या उभ्या तिनं गज फिरवला आणि थांबली.

"हा बाबांचा आवाज नाही."

"नाय ताई," इक्बालभाई म्हणाले, "नवीन काठी हाय. तिला तुमचा हात कळायला वेळ लागंल."

ती स्टुलावर बसली आणि वाजवायला लागली. सुरुवातीला बोटं अडखळत होती. मग अडखळायची थांबली. मी होडीच्या सांगाड्याआड उभा होतो, कारण मला कुणी बघू नये असं वाटत होतं, आणि डोळे पुसायला तिथे बरं होतं.

वाजवून झाल्यावर तिनं सभासदत्वाचा अर्ज भरला. तो लगेच मंजूर झाला आणि नव्या सभासदानं लगेच पहिला ठराव मांडला: सरांच्या हाती मंडळाचं किंवा घरचं कोणतंही वाद्य देऊ नये. ठराव सगळ्यांना पटला होता, पण मला वाईट वाटेल म्हणून अनुमोदन द्यायला कुणी पुढे येईना.

शेवटी ते मीच दिलं.