दिवसा न उघडणारी पुस्तकं

दिग्रसजवळच्या ज्या शाळेत मी शिकवते, तिथली अर्धी मुलं गावातली, कापूस-सोयाबीनवाल्या घरांतली, आणि अर्धी तांड्यावरची. तांडा बंजाऱ्यांचा, तिथं घरोघरी गोरबोली बोलतात. वर्गाच्या कोपऱ्यात छोटं वाचनालय करायचं मी मनावर घेतलं, तेव्हा हाती आलेल्या सगळ्या पुस्तकांत आई पोळ्या लाटत होती आणि बाबा ऑफिसला निघाले होते. माझ्या वर्गातल्या एकाचेही बाबा ऑफिसला जात नाहीत. मला रागच आला.

मग मी संध्याकाळी तांड्यावर जायला लागले. याड्या, म्हणजे तिथल्या आया, कहाण्या सांगायच्या आणि मी त्यांच्याच बोलीत उतरवून घ्यायचे. मुलांकडून चित्रं काढून घेतली, सुईदोऱ्यानं पुस्तकं शिवली. सगळ्यांत झकास कहाणी तिसरीतल्या एका मुलीच्या याडीनं सांगितली. ही मुलगी वर्गात तोंडातून शब्द काढायची नाही. खरं सांगायचं तर हा सगळा खटाटोप तिच्यासाठीच होता. एकदा तरी तिनं आपल्या बोलीत मोठ्यानं वाचावं आणि मी ऐकावं, एवढंच मला हवं होतं.

पुस्तकं फळीवर लागली. गावातली मुलं त्यांवर तुटून पडली, कळत नव्हतं तरी हसून हसून वाचू लागली. तांड्यावरच्या एकानंही हात लावला नाही. ती मुलगी तर फळीकडे पाठ करून बसायची आणि ऑफिसवाल्या बाबांचं पुस्तक मन लावून वाचायची. माझं डोकं चक्रावलं. लाज वाटत असेल? की मीच काही भलतंसलतं लिहून ठेवलं?

"कायले डोकं लावून राह्यल्या मॅडम?" शाळेतले दुसरे गुरुजी म्हणाले. "त्यायले मराठीच पाह्यजे." असेलही, असं मला वाटायला लागलं.

एका दुपारी न राहवून मी त्या याडीच्या कहाणीचं पुस्तक उघडलं आणि वर्गात वाचायला घेतलं. दोन ओळी झाल्या नसतील, मुलीनं कानांत बोटं घातली. तिचं पाहून तांड्यावरच्या सगळ्यांनी घातली. मला इतकं लागलं की पुस्तक मिटून मी उरलेला तास गणित घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिची याडी शाळेत आली. भांडायला नाही, समजवायला.

"मॅडम, कहाणी रातची असते. दिवसा सांगतली का आयकणाऱ्याच्या घरचा मामा वाट चुकते. हिचा मामा ऊस तोडाले गेला, फोन बी लागून नाही राह्यला. पोरगी रातभर रडली."

"पण दुसरी पुस्तकं वाचते की ती दिवसा. त्यांतही गोष्टीच आहेत."

"तो अभ्यास होय," ती म्हणाली.

मी याच जिल्ह्यातल्या नेरची. माझी आईसुद्धा आम्हाला दिवसा कहाणी सांगायची नाही, तेही मामाच्याच नावानं. डी.एड. करता करता हे माझ्या डोक्यातून कुठं सांडलं कोण जाणे. त्या दिवसापासून ती पुस्तकं संध्याकाळी मुलांबरोबर घरी जातात आणि सकाळी फळीवर येऊन गप्प बसतात. याला वाचनालय म्हणावं का, मला सांगता येत नाही.

उसाचा हंगाम संपला. एका मधल्या सुट्टीत मुलं बाहेर खेळत होती आणि मी वर्गात एकटी होते. ती मुलगी आपल्या याडीचं पुस्तक घेऊन माझ्याजवळ आली.

"मॅडम, काल मामा घरी आला. आता वाचू?"

मला किती आनंद झाला ते सांगता येणार नाही. मी खडू खाली ठेवला. तिनं पहिलं पान उघडलं, ओळीवर बोट ठेवलं, आणि एकदम माझ्याकडे पाहिलं.

"तुमच्या पोराचा मामा कुठी हाय?"

माझा भाऊ ट्रक चालवतो. कापसाच्या गाठी घेऊन तो सकाळीच गुजरातकडे निघाला होता. मी खरं तेच सांगितलं.

तिनं पुस्तक मिटलं. "मंग येऊ द्या त्याले घरी."

असं काही नसतं, तू वाच, हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. मी घंटा वाजवली, मुलांना आत घेतलं, पाढे म्हणायला लावले, आणि वऱ्हांड्यात जाऊन भावाला फोन लावला.